पूर्ण वर्ग की मिश्र तुकडी?

एकाच विषयाच्या दोन तुकड्या आहेत, एकीच्या सर्व तासिका वर्गात आणि दुसरीचा निम्मा भाग ऑनलाइन, म्हणजे ती मिश्र तुकडी. कोणती घ्यावी, असे एका विद्यार्थिनीने विचारले.

वेळेच्या दृष्टीने मिश्र तुकडी सोयीची वाटते खरी. पण चाळीस मिनिटांचे ध्वनिचित्रित व्याख्यान थांबवत, मागे नेत, टिपणे काढत पाहिले तर सव्वा तास सहज जातो, आणि तो वेळापत्रकात कोणी राखून ठेवलेला नसतो. शंकेचे उत्तर वर्गात तिथल्या तिथे मिळते. ऑनलाइन ती आधी नीट लिहावी लागते, जे बुजऱ्या विद्यार्थ्याच्या पथ्यावरच पडते. साधनांचा खर्च मिश्र तुकडीत अधिक. अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या २०१० च्या आढाव्यात मिश्र पद्धत सरस ठरली, तरी त्या विद्यार्थ्यांना अनेकदा जादा वेळ व साहित्यही मिळाले होते, अशी पुस्ती त्याच अहवालात आहे.

मोबाइल सफाईने वापरता येणे म्हणजे तयारी नव्हे; मुदतीच्या दोन दिवस आधी आपणहून अभ्यासाला बसणे, ही तयारी. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या, स्वतःचे वेळापत्रक पाळणाऱ्या विद्यार्थ्याने मिश्र तुकडी घ्यावी; ज्याचा अभ्यास हजेरीच्या धाकानेच होतो किंवा ज्याच्या घरी शांत कोपरा नाही, त्याने वर्गच निवडावा.