हतनूरच्या जलाशयासाठी फायबरची मोटारबोट: १६ फुटी घ्यावी की २१ फुटी?

मच्छीमार सहकारी संस्थेसाठी फायबरची बोट घ्यायचे ठरले, की बैठकीत पहिली मागणी मोठ्या बोटीची होते. एकदाच काय तो खर्च होऊ द्या, माणसेही मावतील आणि जाळीही मावतील, असा तो हिशेब असतो. आमच्यापुढे एकाच कारखान्याच्या दोन बोटी होत्या. एक १६ फूट लांबीची आणि १५ अश्वशक्तीच्या इंजिनाची, तर दुसरी २१ फूट लांबीची आणि ४० अश्वशक्तीच्या इंजिनाची. दोन्हींची इंजिने टू-स्ट्रोक आणि आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या पाटीवर बाहेरून अडकवायची. कारखान्याच्या माणसाने दोन्ही बोटी हतनूरच्या पाण्यावर उतरवून दिल्या आणि त्या चालवून पाहिल्यावर माझे मत लहान बोटीकडे झुकले. मोठी बोट वाईट आहे असे मुळीच नाही. बोट म्हणून ती अधिक देखणी आणि अधिक स्थिर आहे. पण ज्या पाण्यासाठी आपण बोट घेतो, त्या पाण्याचा स्वभाव आधी पाहायला हवा.

हतनूर धरण भुसावळ तालुक्यात, चांगदेवजवळच्या तापी-पूर्णा संगमाच्या खालच्या बाजूला आहे. १९८२ साली पूर्ण झालेल्या या धरणाला ४१ दरवाजे आहेत. दोन मोठ्या नद्यांचे पाणी येथे एकत्र येत असल्याने पावसाळ्यात दोघींचा गाळही येथेच येऊन पडतो, आणि त्यातही पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती इतकी बारीक असते की ती पाण्यात बराच काळ तरंगत राहते. पूर आला की दरवाजे उघडले जातात आणि मुख्य पात्रात मोठी ओढ निर्माण होते. उन्हाळ्यात पाणी मागे सरकते, काठालगत गुडघाभर चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि त्यापुढे बऱ्याच अंतरापर्यंत पाणी जेमतेम दोन-तीन फूट खोल असते. बुडालेल्या बाभळींची खुंटे पाण्याखाली नेमकी कोठे आहेत, हे जुन्या भोई मंडळींनाच ठाऊक.

अशा पाण्यात बोटीची लांबी नंतर पाहावी, आधी ती किती खोल बसते ते पाहावे. लहान बोटीचा तळ जवळजवळ सपाट असून भार घेतल्यावरही तो सहा-सात इंच पाण्यात बसतो. तिला १५ इंची, म्हणजे आखूड दांड्याचे इंजिन लागते. मोठ्या बोटीचा तळ नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, मागपर्यंत इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा आहे, ती भरल्यावर फूटभर खाली बसते आणि तिच्या उंच पाटीमुळे तिला २० इंची दांड्याचे इंजिन लावावे लागते. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत बसवली, तरी पंखा आणि त्याखालचे पाते आणखी दहा-बारा इंच खाली उतरतात. म्हणजे लहान बोटीला दीड फूट पाणी पुरते, तर मोठीला किमान दोन फूट पाणी हवे, आणि तेही खाली खुंट नसेल तर. उन्हाळ्यात जाळी बहुधा उथळ पट्ट्यातच टाकलेली असतात. तेथे मोठ्या बोटीचे इंजिन वर उचलून बांबूने बोट ढकलत न्यावी लागली, तर ४० अश्वशक्तीचे पैसे कशासाठी मोजले, असा प्रश्न कोणीही विचारील.

गढूळ पाण्याचा आणखी एक त्रास दोन्ही बोटींना सारखाच आहे. आउटबोर्ड इंजिन थंड राहते ते खालून ओढून घेतलेल्या पाण्यावर, आणि ते पाणी ओढणाऱ्या पंपातील रबरी चक्र बारीक रेतीने झिजते. इंजिन चालू असताना मागच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडत असते. ती मंदावली किंवा थांबली, तर इंजिन लगेच बंद करावे. जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागच्या दांड्यावर गुंडाळला गेला, तर तो आतील सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरते. खालचा स्क्रू सैल करून थोडे तेल बोटावर घ्यावे. ते दुधासारखे पांढरट दिसले, तर सील गेले असे समजावे. लहान इंजिनाचे हे काम दोघे जण ते खांद्यावरून घरी नेऊन करू शकतात. ४० अश्वशक्तीचे इंजिन सुमारे पाऊणशे किलोचे असल्याने ते पाटीवरून उतरवणे हाच एक उद्योग होऊन बसतो.

वेगाच्या बाबतीत विक्रेते सांगतात ते आकडे बहुधा रिकाम्या बोटीचे असतात. बोट जोपर्यंत पाणी कापत जाते, तोपर्यंत तिचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. १६ फुटी बोट ताशी नऊ-दहा किलोमीटरच्या आणि २१ फुटी अकराच्या आसपास अडकते, मग इंजिनाचा कान, म्हणजे वेगाची मूठ, कितीही पिळा. त्यापुढे जायचे तर बोटीने पाण्यावर चढून घसरायला हवे, आणि त्यासाठी वजनाच्या मानाने ताकद लागते. १५ अश्वशक्तीची लहान बोट दोन माणसे असताना सहज चढते, चार माणसे आणि ओली जाळी घेतली की नाळ वर करून नुसती रेटत राहते. मोठी बोट मात्र पाच-सहा माणसे घेऊनही चढते, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न इतकाच, की जाळी उचलण्याच्या कामात तो वेग कितीदा उपयोगी पडतो? पूर्ण कान पिळल्यावर लहान इंजिन ताशी साधारण सात-आठ लिटर, तर मोठे अठराच्या आसपास पेट्रोल पिते. त्यात टू-स्ट्रोकचे तेल आले. ५० भागांना एक या प्रमाणात दहा लिटरला २०० मिलिलिटर. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून टाकीत पेट्रोल आठवडेच्या आठवडे पडू देऊ नये.

फोर-स्ट्रोक इंजिन पेट्रोल कमी पिते आणि आवाजही कमी करते. हिवाळ्यात हतनूरला पक्षी पाहायला येणाऱ्यांची ने-आण हाच मुख्य व्यवसाय असेल, तर ते जरूर घ्यावे, कारण आवाजाने चक्रवाक आणि थापट्या उडून गेल्यावर पाहुण्यांना दाखवायला नुसते पाणी उरते. मासेमारीसाठी मात्र मी टू-स्ट्रोकच घेईन. आउटबोर्डचा जाणकार कारागीर आपल्याकडे सहजी मिळत नाही, पण कार्ब्युरेटर आणि प्लग साफ करणे जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकली हाताळलेल्या कोणत्याही मिस्त्रीला जमते.

आता फायबरच्या कामाविषयी. बाहेरचा चकचकीत जेलकोट, म्हणजे वरचा रंगीत थर, पाहून भुलू नये. आसनाखाली हात घालून आतली बाजू पाहावी. काचेच्या धाग्यांची मॅट रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, पूर्ण भिजलेली असेल, तर ती थोडी पारदर्शक दिसते आणि हाताला टणक लागते. जेथे रेझिन कमी पडले तेथे धागे कोरडे, पांढरे दिसतात. आम्हांला दाखवलेल्या २१ फुटी बोटीत मागच्या पेटीच्या कोपऱ्यात तळहाताएवढा असा पांढरा डाग होता. विक्रेत्याने तो रंगाचा आहे असे सांगितले, पण नखाने खरवडल्यावर धागा सुटून आला. दुसरी परीक्षा नाण्याची. तळावर आणि पाटीवर नाणे ठोकत जावे. आवाज सगळीकडे खणखणीत येत असताना एखाद्या जागी बद्द आला, तर तेथे थर सुटले आहेत किंवा आतले लाकूड भिजले आहे. मागच्या पाटीच्या आत बहुधा प्लायवूड असते आणि इंजिनाच्या बोल्टची भोके नीट बुजवली नसतील, तर पाणी तेथूनच आत शिरते.

फायबरची बोट महिनोन्‌महिने पाण्यात ठेवली, तर ओलावा जेलकोटमधून आत झिरपतो आणि तळावर फोड येतात. म्हणून काम नसेल तेव्हा ती काठावर ओढून, टायरवर टेकवून, ताडपत्रीने झाकावी. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या भागात उघड्यावर पडलेला जेलकोट खडूसारखा भुकटतो. लहान बोट इंजिनाशिवाय सव्वादोनशे किलोच्या आत असल्याने पाच-सहा माणसे बांबूंच्या रुळांवरून ती वर घेतात, आणि गरज पडल्यास केळी वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टाकून रावेर-यावलकडे कोठेही नेता येते. मोठी बोट इंजिनासह सहाशे किलोंच्या पुढे जाते. बैठकीत सगळे तिचे कौतुक करत असताना आमच्यातले एक वयस्कर आबा एवढेच म्हणाले, “बोट चांगलीच हाये भाऊ, पन उन्हाया लागला की चिखलातून वढीन कोन?” याचे उत्तर कोणाकडे नव्हते. ओढणारा नसेल तर बोट पाण्यातच राहते, आणि पाण्यात राहिली की फोड ठरलेलेच.

एका बाबतीत मात्र मोठी बोट निर्विवाद सरस आहे. मे-जूनमध्ये दुपारनंतर अचानक वादळी वारा सुटतो, उघड्या पाण्यावर लाटा उठतात आणि लहान बोटीचा काठ पाण्यापासून जेमतेम सव्वा फूट वर असतो. तेव्हा २१ फुटी बोटीतील माणूस निश्चिंत बसतो, १६ फुटीतील माणसाने काठ गाठावा. म्हणून लहान बोटीत चारापेक्षा अधिक माणसे कधीही घेऊ नयेत आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे, आसनाखाली दडपलेले नव्हे.

हाच निर्णय नंदुरबार जिल्ह्यात, सरदार सरोवराच्या काठच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत घ्यायचा असता, तर मी उलट कौल दिला असता. सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर आहे. नर्मदेचे ते पाणी सातपुड्याच्या घळींमध्ये खोल भरलेले असते, काठ तीव्र उताराचे आहेत आणि काठच्या गावांना माणसे, धान्याची पोती, प्रसंगी रुग्णही पाण्यानेच न्यावे लागतात. तेथे लांबी, रुंदी आणि ताकद तिन्ही हव्यात.

कागदपत्रांत हयगय नको. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यंत्राने चालणाऱ्या बोटीची तपासणी आणि नोंदणी करावी लागते. म्हणून बोट बांधणाऱ्याचे प्रमाणपत्र आणि इंजिनाची पावती क्रमांकांसह, पैसे देण्यापूर्वीच हातात घ्यावी.

आम्ही १६ फुटी बोटच मागवली, पण जशीच्या तशी नाही. तळाच्या मधल्या कण्यावर मॅटचे दोन जादा थर, आसनांखालच्या पेट्यांत फोम, पाटीच्या खालच्या कोपऱ्यात पितळी बूच, आणि इंजिनासोबत पंपाची दोन रबरी चक्रे व एक जादा पंखा, एवढ्या गोष्टी मागणीपत्रात लिहून घेतल्या. दोन बोटींच्या किमतीतील फरकापुढे हा जादा खर्च किरकोळ ठरला.