कार्बिमॅझोल आणि अंगावरचं दूध : साडेसहा महिन्यांनंतर

काल कार्बिमॅझोलची, म्हणजे वाढलेल्या थायरॉइडवरच्या गोळ्यांची, चौथी बाटली फोडली. खोक्यात तीच घडी घातलेली पातळ चिठ्ठी. मुद्दाम उघडून बघितली, तर बारीक अक्षरातली ती ओळ आहे तशीच आहे : स्तनपान करणाऱ्या मातांनी हे औषध घेऊ नये. या एका ओळीपायी माझे नऊ दिवस गेले, म्हणून लिहायला बसले.

थायरॉइड म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना पहाटे उपाशीपोटी घ्यायची गोळी आठवते. ती कमी थायरॉइडची. माझा वाढलेला. मुलगी पाच महिन्यांची असताना सुरू झालं. छातीत धडधड, कोल्हापुरातल्या डिसेंबरात रात्री पंखा लागायचा, वजन 58 वरून 50, हातातला कप बशीवर वाजायचा. "बाळंतपणानंतर हुतंयच असं, डिंकाचे लाडू खा," हे सगळ्यांचं उत्तर. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन, 0.01 च्याही खाली आला; थायरॉइड वाढला की तो असा पडतो. तरी डॉक्टरांनी लगेच गोळ्या दिल्या नाहीत, आधी अँटीबॉडीची तपासणी करायला लावली. बाळंतपणानंतर कधी कधी थायरॉइडला सूज येते आणि आत साठलेलं हार्मोन बाहेर सांडतं, त्यावर ही गोळी काही कामाची नसते. माझी तपासणी पॉझिटिव्ह आली. ग्रेव्हज, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती थायरॉइडला जास्त हार्मोन करायला लावते तो आजार. मग कार्बिमॅझोल 10 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, आणि धडधडीला प्रोप्रॅनोलॉल.

पाजण्याबद्दल मी त्या दिवशी विचारलंच नाही, आणि त्या गर्दीत त्यांनीही सांगितलं नाही. घरी येऊन चिठ्ठी वाचली. औषधाच्या दुकानात विचारलं, तर तेही म्हणाले, "लिहिलंय म्हणजे नकोच." जाऊबाई म्हणाल्या, "बाळाचाबी थायरॉइड बिघडंल गं." दुसऱ्या दिवसापासून मुलीला डब्यातलं दूध. ती तोंड फिरवायची, माझ्या पदराशी येऊन रडायची. छाती दगडासारखी व्हायची, मी वाटीत दूध पिळायचे. आई म्हणाली, मोरीत ओतू नको, जास्वंदीच्या बुंध्याशी घाल. नऊ दिवस अंगावरचं दूध जास्वंदीला घातलं आणि डब्यांवर पैसे घातले. पैशांचंही सांगते, कारण ते डबे स्वस्त नसतात आणि गरज तर नव्हतीच.

दहाव्या दिवशी शाहूपुरीत हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि कागदावर आकडे लिहून दाखवले. कार्बिमॅझोलचं शरीरात मेथिमॅझोल होतं, साधारण 10 चं 6. म्हणजे माझ्या 20 चं 12. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या 2017 च्या मार्गदर्शनात मेथिमॅझोल दिवसाला 20 मिलिग्रॅमपर्यंत घेऊन पाजायला हरकत नाही म्हटलंय, फक्त डोस लागेल तेवढाच, कमीत कमी. दुधात औषध उतरतं, पण अगदी थोडं. इराणमध्ये डॉ. अझीझींनी अशा आयांच्या मुलांचा थायरॉइड आणि बुद्धीची वाढही तपासली, ती ठीक निघाली. बाळाचं रक्त उठसूट काढायचं नाही, वजन आणि वाढ बघायची. बाळाला पाजून झाल्या झाल्या गोळी घ्यायची, मग तीनेक तास मध्ये जाऊ द्यायचे.

त्या संध्याकाळी मुलीला पुन्हा अंगावर घेतलं. दूध कमी झालं होतं, आठवडाभर सतत लावून घेतलं तेव्हा परत आलं.

तरी पहिल्या दोन महिन्यांत कुणी विचारलं असतं, तर मी या गोळीला एकच स्टार दिला असता. पंधरा दिवस अंगाला खाज. टीएसएच ढिम्म हलेना. मी हट्टच धरला, मला वाढलेल्या थायरॉइडवरचीच ती दुसरी गोळी, पीटीयू द्या, ती दुधात कमी जाते. बाईंनी समजावलं. पूर्वी पाजणाऱ्यांना तीच द्यायचे, पण तिने क्वचित लिव्हर पार निकामी होतं, 2010 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने तिच्या माहितीपत्रकात चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मात्र तीच बरी, कारण तेव्हा कार्बिमॅझोलने गर्भात व्यंग येऊ शकतं. म्हणून दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर आधी सांगा, असं त्या दोनदा म्हणाल्या. टीएसएच हलायला महिने लागतात, तोवर टी-फोरकडे, म्हणजे थायरॉइडच्या स्वतःच्या हार्मोनकडे, बघायचं. माझा टी-फोर सहाव्या आठवड्यातच जागेवर आला होता, मीच रिपोर्टमध्ये चुकीच्या ओळीकडे बघत होते. केस गळतात म्हणून घेत असलेल्या बायोटिनच्या गोळ्याही तपासणीआधी दोन दिवस बंद करायला लावल्या, त्यांनी आकडे चुकतात.

खरी भीती वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती मला कुणा नातेवाइकाने सांगितली नाही. या गोळीने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात. मार्चमध्ये रात्री अकराला मला 101 ताप, घसा सुजलेला. ह्यांनी पॅरासिटॅमॉल पुढे केली. मी म्हटलं, आधी रक्त. गोळी थांबवली, मुलीला सासूबाईंकडे दिलं आणि रात्री लॅब चालू असलेल्या हॉस्पिटलात गेलो. पेशी 7,800. साधाच ताप होता. पण ताप आणि घसा एकत्र आले तर वाट बघायची नाही, गोळी बंद आणि त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी.

"किरणोत्सारी आयोडीन पिऊन एकदाच मिटवून टाक" असाही सल्ला मिळाला. त्यासाठी काही आठवडे आधीच दूध कायमचं तोडावं लागतं. मी नाही म्हटलं.

आता दिवसाला 5 ची एक गोळी. माझं वजन 56. मुलगी सुरुवातीला 6.4 किलोची होती, आता साडेअकरा महिन्यांची 8.9, भिंत धरून चालते आणि रात्री अजून अंगावरच झोपते. गोळीला आज मी चार स्टार देते, चिठ्ठीला एकही नाही. ती ओळ लाल पेनने अधोरेखित करून फाईलला टाचलीय. पुढच्या भेटीत बाईंकडे देऊन विचारणार आहे, ती बदलून घ्यायला कुठे लिहायचं.