पिकअप एक्सचेंजला देऊन ऑल-व्हील ड्राइव्ह घेतली: पूर्ण हिवाळा काढल्यावरचा अनुभव

गाडी बदलली त्याला आठ महिने झाले आणि त्यात एक अख्खा हिवाळा गेला. म्हणून आता लिहिते आहे. पहिल्या महिन्यात लिहायला बसले असते तर नव्या गाडीचं नुसतं कौतुक झालं असतं, आणि ते निम्मं चुकीचं निघालं असतं.

आधीची गाडी डबल कॅब पिकअप. डिझेल इंजिन, ताकद फक्त मागच्या चाकांना. उष्ण हवेच्या भागात सहा वर्षं वापरली. जुनं लाकडी फर्निचर दुरुस्त करायचं माझं काम, त्यामुळे कपाट आडवं टाकायचं, दोर आवळायचे आणि निघायचं. त्या गाडीने मला कधी रस्त्यात सोडलं नाही. मग नवऱ्याची बदली झाली ती अशा ठिकाणी, जिथे पारा -25 पर्यंत उतरतो आणि वर्षातले चार महिने रस्त्याकडेला बर्फाचे ढीग असतात.

पिकअप निघण्यापूर्वी विकावी की नव्या ठिकाणी नेऊन विकावी, यावर घरात पंधरा दिवस चर्चा चालली. दोन्हीकडे किंमत काढून घेतली. उष्ण भागात फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपला गिऱ्हाईक पटकन मिळतं. थंड भागात त्याच गाडीकडे लोक फिरकत नाहीत, कारण तिथे प्रत्येकाला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, हवी असते. त्यामुळे जुन्या गावातला भाव जास्त होता. पण सामान हलवायला तीच गाडी लागणार होती, म्हणून नेली. तुमच्यापुढे हाच प्रश्न असेल आणि सामानाची सोय दुसरीकडून होत असेल, तर टू-व्हील ड्राइव्ह पिकअप निघण्याआधीच विका.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पहिली खरी थंडी पडली. सकाळी -12 होतं. सेल्फ मारला तर इंजिन जड श्वास टाकल्यासारखं फिरलं आणि कसंबसं सुरू झालं. दहा मिनिटांनी चढावर गाडीचा दम गेला आणि ती बंद पडली. कारण नंतर कळलं, आणि ते थंडीला नवख्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं आहे. टाकीत अजून निम्मं डिझेल उष्ण भागातलं होतं. डिझेलमध्ये मेण असतं. ठरावीक तापमानाखाली त्याचे बारीक खडे धरतात आणि फिल्टर तुंबतो. थंड भागातल्या पंपावर हिवाळ्यात वेगळं, थंडीला टिकणारं डिझेल मिळतं. मी ते अजून भरलंच नव्हतं. मेकॅनिकने काढलेला फिल्टर हातात दिला, तर त्यावर गोठलेल्या तुपासारखा पांढरट थर होता. बोटाने खरवडला तर नखात बसला.

ऑइलचंही तसंच. माझ्या गाडीत 15डब्ल्यू-40 होतं, उष्ण भागात डिझेलला सगळे तेच टाकतात. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते तेल थंडीत पातळ राहतं. 15डब्ल्यूची सेल्फच्या वेळची चाचणी -20 ला होते, 5डब्ल्यूची -30 ला आणि 0डब्ल्यूची -35 ला. बॅटरीवर कोल्ड क्रँकिंग अँप्स, म्हणजे थंडीत सेल्फला ती किती करंट देऊ शकते, हा आकडा लिहिलेला असतो, तो -18 अंशांना मोजलेला असतो. त्या तापमानाला लेड-ॲसिड बॅटरीचा जोर जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे तेल घट्ट झाल्यामुळे इंजिनाला जास्त ताकद लागते, नेमकी तेव्हाच बॅटरी कमी देते. हे सगळं बदलता आलं असतं. कूलंटसुद्धा. माझ्या गाडीत तो पाणी घालून घालून पातळ झालेला होता. निम्मा कूलंट आणि निम्मं पाणी असेल तर साधारण -37 पर्यंत भीती नसते.

गाडी बदलायचं पक्कं झालं ते मात्र रस्त्यावर. रिकाम्या पिकअपचं बहुतेक वजन पुढे असतं आणि ताकद मागे जाते. पहिल्या बर्फात वळणावर जरा रेस दिली आणि मागची बाजू अलगद डावीकडे निघाली. आवाज नाही, धक्का नाही. बाजूला मुलगी बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त दाराचं हँडल धरलं. त्या संध्याकाळी मी गाडी दाखवायला नेली.

किंमत काढणाऱ्या माणसाने बॉनेट उघडलंच नाही. विजेरी घेतली आणि सरळ गाडीखाली आडवा झाला. चासीवर, मागच्या स्प्रिंग-पाट्यांच्या कड्यांपाशी, ब्रेकच्या पाइपांवर उजेड मारत, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत पुढून मागे गेला. बाहेर आला तो म्हणाला, "गंजच नाही." बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या भागात सहा वर्षांच्या गाडीखाली असं कोरडं लोखंड सहसा दिसत नाही. टू-व्हील ड्राइव्ह म्हणून पाडलेला भाव त्या चासीने बराच वर ओढला. उष्ण भागातून गाडी आणत असाल तर खालचे फोटो आधीच काढून ठेवा आणि गाडी मिठाच्या रस्त्यावर उतरण्याआधी दाखवा. आपल्या हातात असलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच असते.

याचीच दुसरी बाजू अशी की मी बिनगंजाची गाडी दिली आणि तिथेच तीन हिवाळे मिठात फिरलेली घेतली. घेताना मीही खाली वाकले. मागच्या ब्रेकच्या पाइपावर पापुद्रे धरलेला गंज दिसला. तो पाइप बदलून द्या, मगच सही करते, असं सांगितलं आणि त्यांनी बदलून दिला. वरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीवर विसंबू नका.

फोर बाय फोर पिकअपच का घेतली नाही, हे सगळे विचारतात. बऱ्याच पिकअपमध्ये पार्ट-टाइम फोर बाय फोर असतं. त्यात पुढचा आणि मागचा ॲक्सल एकत्र बांधले जातात, मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. बर्फात चाक थोडं घसरतं आणि तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघायला जागा नसते, गाडी आखडते आणि गिअरबॉक्सवर ताण येतो. म्हणून कोरड्या रस्त्यावर ते लावायचं नसतं. आणि हिवाळ्यातला रस्ता तर सलग एकसारखा कधीच नसतो. शंभर मीटर कोरडा, मग सावलीत बर्फ, पुन्हा ओला. मला सतत लिव्हर हलवत बसायचं नव्हतं. म्हणून आपोआप चालणारी ऑल-व्हील ड्राइव्ह, उंच बांध्याची पेट्रोल वॅगन घेतली.

आता या गाडीचा अनुभव. बर्फातून निघायला ती अप्रतिम आहे. रात्रभर बर्फ पडून सकाळी गुडघ्याच्या खालपर्यंत साचला, तरी हलक्या पायाने बाहेर येते. चढावर थांबवून पुन्हा उचलली तरी चाक जागेवर फिरत नाही. पहिले दोन आठवडे मी खूश होते.

तिसऱ्या आठवड्यात एका उताराच्या शेवटी चौकात लाल दिवा लागला. वेग जेमतेम 30 असेल. ब्रेकवर पाय ठेवला, चाकं लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसची खडखड पायाखाली सुरू झाली आणि गाडी तशीच पुढे जात राहिली. थांबली ती पट्टे ओलांडून, चौकाच्या तोंडाशी. समोरून कोणी आलं नाही, एवढंच. स्टिअरिंगवरचे हात खाली घ्यायला मला वेळ लागला.

गाडी घेताना सांगण्यात आलं होतं की ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, टायर ऑल-सीझन आहेत, वेगळं काही लागत नाही. हे सांगणं चूक होतं आणि त्याचा मला अजून राग आहे. निघताना चारही चाकांना ताकद मिळते याचा फायदा आहेच. पण ब्रेक तर साध्यातल्या साध्या गाडीतही चारही चाकांना असतात. थांबताना ऑल-व्हील ड्राइव्ह काहीही जास्त देत नाही. थांबवतं ते टायरचं रबर. साध्या टायरचं रबर 7 अंशांच्या खाली कडक होऊ लागतं. हिवाळी टायरचं मऊ राहतं, आणि त्याच्या ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा असतात, त्या बर्फ धरतात. माझ्या ऑल-सीझन टायरवर 'एम प्लस एस' (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं होतं. ते नक्षीच्या रचनेबद्दल असतं, बर्फावर चाचणी झाल्याचा तो पुरावा नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह बघा. ते बर्फावरची चाचणी पार केल्यावरच मिळतं. तीही चाचणी दाबून बसलेल्या भुरभुरीत बर्फावरच्या पकडीची आहे, त्यामुळे चिन्ह दिसलं म्हणजे काचेसारख्या बर्फावरही थांबेल असं समजू नका. शून्याच्या आसपास, वरून पाणी सुटलेला बर्फ सगळ्यात वाईट. -20 चा कोरडा बर्फ त्यामानाने बरा.

चारही टायर बदलले. दोनच बदलून चालत नाही, कारण ज्या टोकाची पकड कमी पडते तिकडून गाडी हातातून जाते. नंतर एका रिकाम्या पटांगणात मुद्दाम जाऊन 30 च्या वेगाने ब्रेक मारून बघितले. गाडी तीच होती, बर्फ तसाच होता, पण पायाखाली जमीन आहे हे आता कळत होतं.

एक बारीक गोष्ट. टायरमधली हवा गरम गॅरेजमध्ये भरू नका. साडेपाच अंश तापमान उतरलं की सुमारे 1 पीएसआय कमी होते. आत 20 अंश आणि बाहेर -20 असेल तर 7 पीएसआय नुसत्या थंडीने जातात. हवा कमी झाल्याचा दिवा माझ्या गाडीत दुसऱ्याच दिवशी लागला होता.

मायलेज उन्हाळ्यात लिटरला साडेबारा, हिवाळ्यात दहा. पेट्रोल गाडीला -7 च्या सुमारास शहरात साधारण 15 टक्के फटका बसतो असं धरतात. माझ्या फेऱ्या छोट्या आहेत, इंजिन तापायच्या आत मुक्काम येतो, म्हणून जास्त बसला. गरम सीट आणि गरम आरसे मात्र मला चैन वाटायची, आता गरज वाटते. काचेच्या पाण्यात थंडीचं द्रावण घालायला विसरू नका. उन्हाळ्यातलं पाणी काचेवर पडल्यापडल्या गोठतं आणि पुढचं काही दिसत नाही.

हौद्याची उणीव रोज जाणवते. दोन मीटरचं कपाट या गाडीत जात नाही. मागे हुक बसवून छोटा ट्रेलर घेतला, पण बर्फात ट्रेलरसह उतरणं मला जमत नाही आणि जमवायचंही नाही, म्हणून मोठी डिलिव्हरी रस्ता मोकळा असेल त्या दिवशीच. हिवाळ्यात कामं चार-पाच दिवस पुढे ढकलावी लागली. दुसरीकडे, उघड्या हौद्यात बर्फ साचतो, त्याखाली सामान भिजतं, हेही शेजारच्यांकडे पाहते आहे.

त्यांचीच पिकअप माझ्यासारखी, मागच्या चाकांवरची. चार चांगले हिवाळी टायर आणि मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर वाळूची पोती, पट्ट्यांनी घट्ट बांधलेली. पोती अगदी मागच्या फळीशी ठेवायची नाहीत आणि सुटी तर मुळीच नाहीत, ब्रेक मारल्यावर ती पुढे येतात. जानेवारीत त्यांच्यासोबत दोनदा गेले. गाडी शांतपणे थांबत होती, वळत होती. मोठ्या चढावर तेवढा त्रास झाला. तेव्हा मनाशी कबूल केलं की टायर, ऑइल, बॅटरी आणि वाळू एवढं केलं असतं तर माझी पिकअप बहुतेक हिवाळा निभावून गेली असती. पैशांची ओढाताण असेल, गाडी चांगली असेल, तर आधी टायर घ्या आणि एक हिवाळा बघा.

तरी मी बदलली ते योग्यच केलं असं मला वाटतं. आमचं घर चढावर आहे, मुलीला रोज सकाळी सोडायचं असतं, आणि त्या चढावर ही गाडी एकदाही अडकली नाही.

आता बर्फ वितळला आहे. गेल्या आठवड्यात टायर बदलले आणि गाडी वर घेतली तेव्हा मीही विजेरी मागून घेतली. हिवाळाभर दर दहा दिवसांनी खालून धुवून घेत होते, कारण रस्त्यावरच्या मिठातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड ओल धरून ठेवतात आणि गरम गॅरेजमध्ये गंज उलट वेगाने चढतो. नवा ब्रेकचा पाइप स्वच्छ आहे. मागच्या डाव्या चाकामागे, सायलेन्सरच्या पट्टीवर नखाएवढा तांबूस डाग दिसला. घासून रंग मारायला सांगितला आहे, आणि पुढचा हिवाळा लागायच्या आत खालून पूर्ण कोटिंग करून घेणार आहे.