१०० वॉटचं स्टिकर, ४० वॉटचं पॅनल

हॅम रेडिओसाठी, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं चालवायच्या बिनतारी स्टेशनसाठी, पोर्टेबल सोलर सेट घ्यायच्या विचारात असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. आम्हा बेळगावच्या काही हॅम मित्रांना महाराष्ट्रातल्या एका विक्रेत्यानं अख्खा सेट खोटा विकला.

येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर दिवसभर ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) स्टेशन चालवायचं, तेही फक्त सूर्याच्या विजेवर, असा बेत होता. ही हौस तर आहेच, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये चिकोडी, निपाणी, गोकाक भागात पुरानं काय केलं ते आम्ही पाहिलंय. लाईट गेल्यावरही चालेल असं स्टेशन आपल्या जिल्ह्यात तयार हवं, असं मनापासून वाटतं.

विक्रेत्यानं घडीचं १०० वॉटचं पॅनल, १२.८ व्होल्ट २० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण क्षमता) लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीत भरणारा एमपीपीटी कंट्रोलर दिला. दुकानाबाहेर उन्हात पॅनल धरून मल्टिमीटर लावला, "बघा, २१ व्होल्ट!" लोकांना गंडवायची त्याची खरी युक्ती हीच. काहीही न जोडता मोजलेला व्होल्टेज पॅनलच्या ताकदीबद्दल काहीच सांगत नाही. तितक्याच सेलचं छोटं पॅनलही तेवढाच आकडा दाखवतं. मोजायचा तो शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे पॅनलच्या दोन वायरी थेट मीटरनं जोडल्यावर वाहणारा करंट. १८ व्होल्टच्या १०० वॉट पॅनलनं भर उन्हात साडेपाच-सहा अँपिअर द्यायला हवेत.

गडावर ऊन कडक होतं, तरी पॅनलमधून जेमतेम २ अँपिअर येत होते. नुसतं ऐकताना आमचा रेडिओ १ अँपिअर घेतो, बोलताना (ट्रान्समिटला) कितीतरी जास्त, म्हणून पॉवर आधीच कमी ठेवली होती. तरीही दुपार व्हायच्या आत पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की रेडिओ बंद पडायला लागला. १३.८ व्होल्टचे बरेचसे रेडिओ ११.७ च्या खाली टिकत नाहीत. त्यात कंट्रोलर जोडला की बँडवर सिग्नल मीटरवर एस-७ इतका जोरदार खरखराट, काढला की शांत. लांबची स्टेशनं त्यातच बुडाली. गड बघायला आलेली येळ्ळूरची पोरं उत्सुकतेनं ऐकत उभी होती, त्यांना धड एक संपर्कही दाखवता आला नाही. याचा राग अजून जात नाही.

घरी येऊन पॅनलला मोजायची टेप लावली. भर दुपारी १ चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊन पडतं आणि चांगला सेल त्यातलं २०-२२ टक्के विजेत बदलतो. म्हणजे १०० वॉटसाठी अर्धा चौरस मीटर सेल लागतातच. कापडाची किनार सोडून मोजलं तर आमच्या पॅनलवर ०.२ चौरस मीटरच भरले. कंट्रोलर उघडला तर एमपीपीटीला लागणारी मोठी कॉइलच नव्हती, साधा, स्वस्तातला पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर होता.

बॅटरीचं प्रकरण मात्र जिवावरचं आहे. लिथियम फॉस्फेटचे चार सेल पूर्ण चार्ज होऊन स्थिरावले की १३.३ व्होल्टच्या आसपास दाखवतात. आमची १२.६ वर थांबली. आत लिथियम आयनचे तीन-तीन सेल जोडलेले, जुने, वरून नवी वेष्टणं चढवलेले. अशी बॅटरी १२.६ लाच पूर्ण भरते; तिला फॉस्फेटसाठीचा १४.६ व्होल्टचा चार्जर लावला आणि आतला संरक्षण बोर्ड चुकला, तर आग लागू शकते.

विक्रेता आधी "तुमची वायर खराब" म्हणाला. मग म्हणाला, "तुम्ही कर्नाटकात, मी महाराष्ट्रात, केस कुठं घालणार?" सीमाभागातल्या गिऱ्हाइकाला असंच गप्प करतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेच तक्रार करता येते, दुकान कुठल्याही राज्यात असो. मुदत २ वर्षं आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. आम्ही बिलावर वॉट, एएच आणि बॅटरीचा प्रकार लिहून घेतला होता. विक्रेत्याचे मेसेज आणि यूपीआयची नोंदही आहे. या कागदांवरच आमची तक्रार उभी आहे.

अशी बॅटरी कुणी आधीच घेतली असेल तर आज व्होल्टेज मोजा. १२.६ च्या पुढे जात नसेल तर चार्जर काढा आणि ती घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा.