गेमवरून आलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या: अर्धं वर्ष वाचल्यावर

अ‍ॅसॅसिन्स क्रीड या व्हिडिओ गेमवरच्या कादंबऱ्यांचा संच पावसाळ्याच्या तोंडावर मागवला, दिवाळीनंतर संपवला. बहुतेक वाचन ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये. मुखपृष्ठावरचं ऑलिव्हर बोडेन हे टोपणनाव आहे. गेम खेळून झालेल्या माणसाला यात काय मिळतं, एवढंच सांगतो.

‘रेनेसाँ’ उघडली नि मुलुंड यायच्या आत जांभया सुरू. १४७६चं फ्लॉरेन्स, नायक एत्सिओच्या बापाला नि भावांना फाशी, मग सूड. २६ एप्रिल १४७८ला शहराचा कारभार हाती असलेल्या मेदिची घराण्यातल्या दोघा भावांवर कॅथेड्रलमध्ये, भर प्रार्थनेत हल्ला झाला. जुलिआनो मेला, लोरेन्झो जखमी होऊन निसटला. हे खरंच घडलेलं! एवढा ऐवज हाताशी असून पुस्तक मिशनांची यादी पुरी करत सुटतं: अमक्याला गाठ, तमक्याला उडव, छपरावरून पळ. कंट्रोलर हातात असतो तेव्हा पळणारे आपण असतो. इथे पळतो भलताच, आपण चौथ्या सीटवर अर्धे लटकलेले.

‘फोर्सेकन’ मात्र वेगळी. ही हेदम केनवेची रोजनिशी. १७३५चं लंडन, दहा वर्षांच्या पोराच्या घरावर रात्री हल्ला, बाप ठार, बहीण पळवलेली. गेममध्ये हा माणूस शिष्ट वाटला होता. इथे त्याची कीव येते. गेममधली वर्तमानकाळातली, पूर्वजांच्या आठवणी दाखवणाऱ्या यंत्राची भानगडही गाळलीय, ते बरंच झालं.

माझी आवडती ‘अंडरवर्ल्ड’. १८६२, लंडनमध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वेचं खोदकाम. रस्ता उकरायचा, रूळ टाकायचे, वर छत घालून पुन्हा रस्ता करायचा. त्या चिखलात खोट्या नावाने राबतो अमृतसरचा जयदीप मीर, झोपतो टेम्सखालच्या बोगद्यात. जगातली ही पहिली भुयारी रेल्वे जानेवारी १८६३ला सुरू झाली. (आपली बोरीबंदर–ठाणे गाडी १८५३चीच, त्यामुळे कॉलर जरा ताठ.) हाणामारीपेक्षा खोदकामाची पानंच जास्त रंगलीत. पुढे जेकब नि ईव्ही ही जुळी भावंडं आली की पुन्हा मिशनं.

टाइप बारीक आहे. एका प्रतीची पानं ऑगस्टमध्येच सुटली, विक्रेत्याने हात वर केले. इंग्रजी सोपं, नववी-दहावीच्या पोरांना झेपेल. रक्तपात भरपूर, तेव्हा देण्याआधी चाळा. आणि अख्खा संच घेऊ नका, ‘फोर्सेकन’ नि ‘अंडरवर्ल्ड’ या दोन सुट्या मिळतात.