चिपळूणहून चालणारं माझं सांगलीतलं ऑफिस

सांगलीत गणपती पेठेजवळ माझं टॅक्सचं छोटं ऑफिस आहे. क्लायंट म्हणजे हळदीचे व्यापारी, किराणा दुकानदार, दोन ट्रान्सपोर्टवाले. ऑफिसातला मुलगा नोकरी लागून पुण्याला गेला आणि महिन्याच्या पाच ते वीस तारखेत मला धड जेवायलाही वेळ मिळेना. तेव्हा व्हर्च्युअल असिस्टंट ठेवली, म्हणजे आपल्या घरी बसून ऑनलाइन माझं काम करणारी सहायक. आता दीड वर्ष होत आलं. ओळखीतले बरेच जण विचारतात, 'न बघितलेल्या माणसाबरोबर जमतं कसं?' म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात एका एजन्सीमार्फत केली आणि तो अनुभव वाईट होता. दोन महिन्यांत तीन माणसं बदलली. पॅकेजमध्ये तास मोजून मिळायचे, पण काम कोण करणार हे आपल्या हातात नव्हतं. अमुक दुकानदार बिलांचे फोटो पाठवतो, तमुक मुनीम दहा तारखेच्या रात्रीशिवाय काही देत नाही, हे दर वेळी नव्याने सांगायचं. तिसरी मुलगी बदलली तेव्हा पॅकेज बंद केलं.

मग मैत्रिणीच्या ओळखीतून चिपळूणच्या ताई मिळाल्या. बी.कॉम. झालेल्या, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला, घरी लहान मूल. सोमवार ते शुक्रवार, दहा ते दोन, महिना १४ हजार. बिलं चढवणं, जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न) तयार करून ठेवणं, खरेदी २बीशी (विकणाऱ्यांच्या रिटर्नवरून पोर्टलवर आपोआप बनणारी आपल्या खरेदीची यादी) जुळवणं, क्लायंटना आठवण करणं हे त्यांच्याकडे. रिटर्न तपासून फाइल करणं माझ्याकडे. ओटीपी मी त्यांना पाठवत नाही आणि त्यांनीही कुणाकडून मागायचा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं.

आमचं खरं जमलं ते मात्र एका चुकीनंतर.

माझा एक क्लायंट पॅकिंगच्या पिशव्या विकतो. त्याच्या गिऱ्हाइकांत एकाच नावाची दोन दुकानं आहेत, एक वडिलांचं, एक मुलाचं, आणि दोघांचे जीएसटी नंबर वेगळे. दहा तारखेच्या संध्याकाळी मी जिना उतरता उतरता ताईंना व्हॉइस मेसेज टाकला, 'ते पिशव्यांचं बिल राहिलंय, मागच्या महिन्यासारखंच घाला.' बिल मुलाचं होतं, गेलं वडिलांच्या नंबरावर. दुसऱ्या दिवशी, म्हणजे अकरा तारखेला, शेवटचा दिवस म्हणून मीही न बघता रिटर्न फाइल केलं. चौदा तारखेला २बी आलं आणि सोळाला मुलाच्या अकाउंटंटचा फोन, 'मॅडम, आमचं बिल दिसत नाही, क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) कसं घेऊ?' पाठोपाठ माझा क्लायंट चिडून ऑफिसात आला.

मी चिपळूणला फोन लावणार होते. त्याआधी, का कोण जाणे, आपलाच मेसेज परत ऐकला. गाड्यांचे हॉर्न, अर्धवट वाक्य, नंबर नाही, वडील की मुलगा याचा पत्ता नाही. फोनवर मी आधी हेच बोलले, 'ताई, माझ्या सांगण्यात चूक झाली.' त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, 'मॅडम, मला शंका आली होती. पण तुम्ही घाईत होता, म्हणून विचारलं नाही.'

ते वाक्य मला फार लागलं. ऑफिसातल्या मुलाला माझ्या हातातलं बिल दिसायचं, आत्ता कुठल्या दुकानाचा माणूस येऊन गेला ते ठाऊक असायचं. माझं अर्धं बोलणं तो डोळ्यांनी पुरं करून घ्यायचा. ताईंना मी लिहीन तेवढंच कळतं. आणि त्यांना विचारायलाही भीती वाटावी असा माझा सूर असेल, तर मग काही खरं नाही.

पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये ते बिल दुरुस्त केलं. कामासाठी व्हॉइस मेसेज त्या दिवसापासून बंद. एका शीटमध्ये पार्टीचं नाव, पूर्ण पंधरा अक्षरी नंबर आणि काय करायचं ते लिहिते. नंबरात तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं पॅनची असतात. नावं सारखी असली की ताई तेवढी दहा अक्षरं बिलाशी ताडून बघतात. ताईंच्या शंकेसाठी शेवटचा रकाना ठेवलाय आणि त्यात रोज दोनच्या आत मी उत्तर द्यायचंच. मी चिडलेली असले तरी विचारायचं, असं त्यांना दोनदा सांगितलं. आता त्या विचारतात, आणि कधी कधी माझीच चूक पकडतात.

बाकीचं साधं आहे, पण पाळावं लागतं. पैसे एक तारखेला सकाळी. दोननंतर फोन नाही. वीस तारखेला, म्हणजे ३बीच्या (महिन्याचा कर भरायच्या रिटर्नच्या) शेवटच्या दिवशी, जास्त थांबल्या तर तो वेळ लिहून पैसे वेगळे. क्लायंट सुरुवातीला त्यांचं ऐकत नसत, 'मॅडमना द्या फोन' म्हणत. मी सगळ्यांना कळवलं की ताई सांगतील ते मीच सांगितलं असं समजा. तेव्हापासून निम्म्या लोकांची बिलं पाच तारखेच्या आत यायला लागली. हे मी आधीच करायला हवं होतं.

उणं सांगायचं तर पाऊस. कोयनेचं पाणी वीजघरांतून खाली चिपळूणच्या वाशिष्ठी नदीकडे जातं आणि धरणातून सोडलेलं कृष्णेतून आमच्याकडे येतं, त्यामुळे एकाच धरणाची बातमी आम्ही दोघी काळजीने बघतो. २०२१च्या जुलैत दोन्ही गावं पाण्यात होती. गेल्या जुलैत एकोणीस तारखेला त्यांच्याकडे लाइट नाही, नेट नाही. सकाळी सातलाच त्यांनी शेजारच्या फोनवरून कळवलं, म्हणून मी दिवसभर बसून काम उरकू शकले. नाहीतर ३बी उशिरा गेलं की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि कर बाकी असेल तर शिवाय वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. आता जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही सगळं सतरापर्यंत संपवतो.

लिहून सांगायचा कंटाळा असेल तर ही सेवा घेऊ नका, दोघांनाही त्रास होईल. ज्यांना रोज अर्धा तास त्यासाठी काढता येईल त्यांनी जरूर घ्यावी, आणि शक्यतो एकाच माणसाबरोबर, थेट.

एप्रिलपासून ताईंचे १६ हजार केले, त्यांनी मागितले नव्हते. समोरासमोर आम्ही अजून भेटलेलो नाही. पावसाळ्याआधी चिपळूणला जायचं ठरवलंय, पाऊस लागला की कुंभार्ली घाट नको वाटतो.