१८ हजारात घरचा पहिला स्टिरिओ, सहा महिने वापरल्यानंतर

बेळगावच्या शहापुरात आमच्या माडीवर बारा बाय चौदाची खोली आहे, आण्णांची बैठक तिथंच. आण्णांना सकाळी कुमार गंधर्व लागतात (आमच्याच सुळेभावीचे हो, १९२४ चा जन्म, त्यामुळं आमच्याकडं ते घरचेच), आणि मोबाईलवर तानपुरा म्हणजे डब्यात माशी अडकल्यासारखा वाजतो. म्हणून स्टिरिओ घ्यायचं ठरलं.

पहिल्यांदा फसलो. बाजारातल्या एका दुकानातनं खोक्यावर ५००० वॅट पीएमपीओ लिहिलेला टॉवर आणला. घरी येऊन मागचं लेबल वाचलं तर वीज खाणार ६० वॅट! ६० वॅट खाणारी वस्तू ५००० वॅट देणार कुठनं? पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा, त्याला काही ठरलेलं मापच नाही, बघायचं ते आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद. दोन महिन्यात वूफर (खालचे, जाड सूर वाजवणारा मोठा स्पीकर) खरखरायला लागला आणि दुकानदार म्हटला हे वॉरंटीत बसत नाही. राग अजून गेलेला नाही, कारण ते पैसे आण्णांच्या पेन्शनमधले होते.

दुसऱ्यांदा उलटं केलं, आधी स्पीकर आणि मग बाकीचं. ११ हजार स्पीकरला, साडेचार हजार अॅम्पला (म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अॅम्प्लिफायर), उरलेलं वायर आणि स्टँडला. स्पीकर दुसऱ्या एका दुकानात घेतले, त्या माणसानं "कूड्री, केळ्री" म्हणजे बसा, ऐका म्हणून तासभर बसवलं, चहा पाजला, तीन जोड्या लावून दाखवल्या. मी आमचीच गाणी पेनड्राईव्हवर नेली होती, हे सगळ्यांनी करा, दुकानातलं डेमोचं गाणं कुठल्याही स्पीकरवर झकास वाजतं. एका जोडीवर तबल्याचा बायां (डग्गा) नुसता धप्प यायचा, आम्ही घेतली तिच्यावर त्याची मींड, म्हणजे सुराची घसर, वळताना कळायची. तिथंच ठरलं.

५ इंची वूफर, कापडी ट्विटर (वरचे, बारीक सूर वाजवणारा), ६ ओहम, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो ते, ८७ डेसिबल. हा शेवटचा आकडा कोण बघत नाही पण महत्त्वाचा तोच आहे, अॅम्पचे वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबल चढतो, आणि ८४ च्या जागी ८७ चा स्पीकर घेतला की तेवढाच फरक अॅम्पवर एक पैसा न घालता मिळतो. म्हणून अॅम्प छोटाच घेतला, क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार), आत टीपीए ३११६ चिप, हातभर पण नाही. अॅडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतो, त्यामुळं पावसाळ्यात लाईट वरखाली झाली तरी बंद पडत नाही.

लावताना एक घोळ झाला. आवाज मोठा पण पोकळ, बायां गायबच, मला वाटलं परत फसलो. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर डाव्या स्पीकरची लाल-काळी वायर उलटी बसलीय, म्हणजे एक पडदा पुढं येताना दुसरा मागं जायलाय आणि दोघं एकमेकांचा बेस खायलेत. अदलाबदल केली आणि गाणारा माणूस दोन्ही स्पीकरच्या बरोब्बर मध्ये येऊन बसला, आण्णा पेपर खाली ठेवून बघायला लागले.

आमच्या स्पीकरला मागं पोर्ट, म्हणजे हवेचं भोक आहे, भिंतीला चिकटवले की घुमतात, दीड फूट पुढं ओढल्यावर साफ झाले. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला पाहिजे. वायर साधी १६ गेजची तांब्याची बास आहे, महागडीच्या नादाला लागू नका.

कमी काय? सिनेमाचा खोल दणका नाही, ५ इंचात तो येणारच नाही. रिमोट नाही. ब्लूटूथ आहे पण वायरनं जोडलं की झांजेचा आवाज मोकळा येतो, मी वायरच लावतो. आणि अॅम्पच्या नॉबवर आकडे नाहीत, म्हणून बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका काढून ठेवलाय. ठिपक्यापर्यंत आण्णांचा आवाज, त्याच्या पुढं माझा, तो पण आण्णा बाजारात गेल्यावर.